तिसऱ्या खेपेचं रिक्षाभाडं

वडोदऱ्यात हरणीला, विमानतळाच्या अलीकडे, एका मराठी कारखानदाराचं ऑफिस होतं. गोल्फची त्याला मनापासून आवड. बडोद्याच्या प्रतापसिंहराव महाराजांनी युरोपीय पाहुण्यांसाठी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचं मैदान करवून घेतलं होतं. 1990च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंहांनी ते नव्याने घडवून लोकांना खुलं केलं. तिथेच किडनीच्या रुग्णांसाठी स्पर्धा भरवायची, असं कारखानदाराने ठरवलं. प्रत्येक होलवर एकेका कंपनीचा फलक, खेळाडूंना टोप्या, रात्री जेवण आणि शेवटी एका धर्मादाय रुग्णालयाला डायलिसिसचं मशीन. मशीनवर अर्थातच नावाची पाटी.

"सगळा खर्च सीएसआरमध्ये टाका," त्याने अण्णांना सांगितलं. अण्णा त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचे हिशेबनीस.

"सगळा नाही बसणार, साहेब. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआर म्हणून समाजासाठी खर्च करा, असं 2013च्या कंपनी कायद्याचं कलम 135 सांगतं. पण मॅरेथॉनसारखे एकदाच होऊन संपणारे कार्यक्रम त्यात धरायचे नाहीत, हे सरकारने 2014 मध्येच स्पष्ट केलं. 2021 पासून तर मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्वही वगळलंय. फलक, टोप्या, जेवण मी जाहिरात खात्यात टाकतो. मशीनचं मात्र रुग्णालय बघून ठरवू."

रुग्णालयात एक मशीन प्लॅस्टिकच्या आवरणाखाली उभं होतं. कुणीतरी आधीच दिलेलं, वर पाटीही होती.

"हे बंद का?" कारखानदाराने विचारलं.

"चालवायला माणूस नाही," तंत्रज्ञ म्हणाला. "एका डायलिसिसला चार तास लागतात, शंभरेक लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. पाण्याच्या प्लांटची देखभाल आणि आणखी एका तंत्रज्ञाचा पगार, एवढंच अडलंय. मशीन द्यायला लोक येतात साहेब, पगार द्यायला कुणी येत नाही."

शेजारच्या खाटेवर हरणी गावातलीच एक बाई होती. आठवड्यातून तीनदा यायचं असूनही ती दोनदाच येत होती.

"इथे पैसे घेत नाहीत, भाऊ," ती म्हणाली. "पण सोबत मुलगा लागतो. त्याचा खाडा होतो, वर जाता-येता रिक्षा. तिसऱ्या खेपेला जमत नाही."

चुकलेल्या खेपेचं पाणी शरीरात साचतं. पाय सुजतात, रात्री आडवं झालं की धाप लागते, रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय अचानक थांबू शकतं. वर्षाला 156 खेपा, आणि त्यातली एकही टाळता येण्याजोगी नाही. स्पर्धा होणार होती एक दिवस.

परतताना कारखानदार बराच वेळ गप्प होता. मग अण्णाच बोलले. "साहेब, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते राज्यभर नेलं. शाळा बांधून काम भागत नाही, मास्तरांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. आपल्या शहराला हे नवीन नाही."

"पण अण्णा, लोकांना दिसणार काय?"

"थोडंच दिसेल. पेशंटला मात्र पुरेल."

स्पर्धा झाली. टोप्या वाटल्या नाहीत, जेवण साधं झालं, कार्यक्रमाचा खर्च कंपनीने जाहिरात खात्यातून केला आणि खेळाडूंचं प्रवेशशुल्क पैन् पै रुग्णालयाला गेलं. मशीन दिलंच नाही. त्याऐवजी दुसऱ्या तंत्रज्ञाचा पगार, पाण्याच्या प्लांटची देखभाल आणि गरजू रुग्णांचं रिक्षाभाडं यांसाठी तीन वर्षांचा करार झाला. कायदा अशा अनेक वर्षांच्या प्रकल्पाला सीएसआरमध्ये जागा देतो. पाटी नाही म्हणताच काही प्रायोजकांनी माघार घेतली. ते वाईटच झालं, कारण त्यांच्या पैशात आणखी रुग्णांची भाडी निघाली असती. जे राहिले त्यांच्या बळावर आवरणाखालचं मशीन महिन्याभरात सुरू झालं.

खेळाडूंनी खेळावं, कंपन्यांनी फलकही लावावेत, त्यात गैर काही नाही. पण रुग्णांच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धेचं शुल्क भरताना आयोजकांना एवढं जरूर विचारा: दिलेलं मशीन पुढच्या वर्षी चालवणार कोण, आणि त्याचा पगार कुठून येणार?