अनुमोदन

जैन घरातल्या बायकांना पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची सवय जुनी आहे. हिरवा ठिपका आला त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही दुकानदाराला बिस्किटात अंडं आहे का, साबणात चरबी आहे का, कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं आहे का, असं विचारून हैराण करत आलो आहोत. लिपस्टिकचा लाल रंग किड्यांपासून काढतात हे माझ्या मैत्रिणीला कळलं त्या दिवशी तिने चार लिपस्टिका कचऱ्यात टाकल्या. 2014 साली भारताने सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या बंद केल्या आणि त्याच वर्षी तशी चाचणी केलेल्या प्रसाधनांची आयातही थांबवली. सशाच्या डोळ्यात रसायन घालून डोळा किती लाल होतो ते बघायची चाचणी अमेरिकेत जॉन ड्रेझ याने 1944 साली बसवली होती. सत्तर वर्षांनी आपल्याकडे प्रसाधनांपुरती तरी ती संपली. मला फार बरं वाटलं होतं.

पण आमच्याकडे हिंसेचा हिशेब तीन खात्यांत लिहितात. कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केली तेव्हा आपण मान डोलावलेली. पहिल्या दोन खात्यांत आम्ही बायका बहुतेक स्वच्छ असतो. तिसरं खातं उघडून कोणी बघत नाही. ससा सुटला, पण चाचणी खरंच थांबली का, हा प्रश्न मला या तिसऱ्या खात्यामुळे पडला.

वडोदऱ्यात भाद्रपदात दशलक्षण संपतं आणि थोड्याच दिवसांत नवरात्र येतं. इथला गरबा म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. नऊ रात्री अख्खं शहर दिव्यांखाली एकमेकांचे चेहरे बघत असतं. त्याआधीचे पंधरा-वीस दिवस पार्लरं भरलेली असतात आणि औषधांच्या दुकानात मुली ट्यूब मागतात. आमच्या सोसायटीतली एक मुलगी, दशलक्षणात एकाशन करणारी, कांदा-लसूण न खाणारी, अशीच एका मेडिकलमध्ये गेली. रंग सावळा, गालावर थोडी मुरमं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "लगाडो बेन, पंदर दिवसमां फेर पडशे." पंधरा दिवसांत फरक पडेल. आणि पडलाच की! सोसायटीच्या गरब्यात ज्याने त्याने तिला विचारलं, काय लावतेस गं?

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती. रंगद्रव्य तयार होणं रोखणारं हायड्रोक्विनोन, वरचा थर सोलणारं ट्रेटिनॉइन आणि तिसरं स्टिरॉइड. वांगासाठी डॉक्टर असं मिश्रण ठरावीक आठवडे, लक्ष ठेवून देतात. पण वर्षभर रोज लावलं तर स्टिरॉइडने चेहऱ्याची चामडी पातळ होते, खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुटकुळ्या उठतात, गालावर लव वाढते, उन्हात पाऊल टाकलं की आग होते. घाबरून बंद करावं तर चेहरा आणखी लाल होतो, सुजतो. म्हणून मुलगी पुन्हा तीच ट्यूब लावते. व्यसनच ते. या मुलीचंही अकरा महिन्यांत तेच झालं. तिची आई मला म्हणाली, "काकू, आम्ही तर लेबल वाचलं होतं. प्राण्याचं काहीच नव्हतं त्यात."

ही एका घरातली गोष्ट नाही. देशभरातल्या 12 केंद्रांत त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांची पाहणी केली. ती 2011 साली प्रसिद्ध झाली. त्यांतले 433 जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते आणि त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना त्याचा अपाय झालेला होता. निम्म्याहून जास्त लोकांना ते मलम डॉक्टरांनी सांगितलेलंच नव्हतं. शेजारीण, मैत्रीण, पार्लरवाली, दुकानदार, कोणीतरी सुचवलं होतं. आपल्याकडच्या डॉक्टरांनी या विकाराला 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचं इंग्रजी नावही दिलं आहे. रोगाला रुग्णाचं नव्हे, औषधाचं नाव द्यावं लागावं, यातच काय ते आलं.

आता या मिश्रणाचं कूळ बघा. 1975 साली अल्बर्ट क्लिगमन आणि त्याच्या सहकाऱ्याने ते प्रसिद्ध केलं. हायड्रोक्विनोन पाच टक्के, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन प्रत्येकी एक दशांश टक्का. निबंधात त्यांनी दाखवलं ते असं, की काळ्या पुरुषांच्या निरोगी त्वचेचा रंग याने पूर्ण उतरतो. निरोगी हा शब्द मी दोनदा वाचला. हाच क्लिगमन 1951 पासून 1974 पर्यंत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर प्रयोग करत होता. त्यांतले पुष्कळ जण काळे होते, थोड्या डॉलरसाठी पाठ पुढे करणारे. तुरुंगात पहिल्यांदा शिरल्यावर आपल्याला माणसं दिसलीच नाहीत, एकरच्या एकर कातडी दिसली, अशा अर्थाचं तो बोलला होता. पुढे 1998 साली ॲलन हॉर्नब्लमने त्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'एकर्स ऑफ स्किन'. 2022 साली फिलाडेल्फिया शहराने माफी मागितली. क्लिगमन तोवर हयात नव्हता.

म्हणजे आधी ससा होता, मग कैदी होता, आणि दोघांना सोडल्यावर आमच्या सोसायटीतली मुलगी आहे. फरक एवढाच, की कैद्याच्या पाठीवर निदान कोणीतरी नोंद ठेवत होतं. मेडिकलच्या काउंटरवर जो प्रयोग चालतो त्यात ना संमती, ना वही. किती दिवस लावलं, काय झालं, कोणी लिहून घेत नाही. डॉक्टरकडे मुलगी पोचली तरच मागाहून कळतं.

इथे मला ओरडून 'औषध कंपन्या वाईट' असं म्हणता येत नाही. हे शहर औषधांवर वाढलेलं आहे. एलेम्बिक 1907 पासून इथे आहे, साराभाई केमिकल्स 1943 साली निघाली, तीही अहमदाबादच्या एका जैन घराण्याची. इथल्या कितीतरी मराठी घरांत अजून कोणी ना कोणी औषध कंपनीत आहे. शिवाय ट्रेटिनॉइनने कितीतरी मुलांची मुरमं बरी झाली आहेत. स्टिरॉइडचं मलम एक्झिमाने रात्रभर खाजवणाऱ्या लेकराला झोप देतं. ज्ञान कसं मिळालं ते वाईट होतं म्हणून त्या लेकराची झोप काढून घ्यायची? मला ते अहिंसा वाटत नाही. आमच्या शास्त्रकारांनी गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार मानले: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. चूल पेटवली, धंदा केला, चोराशी झगडलो, यात हिंसा होतेच. ती कमी करायची. ठरवून केलेली मात्र गृहस्थालाही वर्ज्य. आजारासाठी घेतलेलं औषध मी आरंभी हिंसेत धरते. पण निरोगी कातडीचा रंग उतरवण्यासाठी लावलेलं? तिथे रोग कुठला होता? रोग बघणाऱ्यांच्या डोळ्यांत होता आणि मलम मुलीच्या गालाला लावलं गेलं.

समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सम्यक्त्वाची आठ अंगं सांगितली आहेत. तिसरं अंग निर्विचिकित्सा, म्हणजे देहाची किळस न करणं. त्याची गोष्ट आम्ही पाठशाळेत ऐकतो. उद्दायन राजाकडे एक मुनी आहाराला येतो, अंग कुष्ठाने झडलेलं. आहार घेऊन तो राजाच्या अंगावरच ओकतो. राजा म्हणतो, माझ्याच आहारात काही दोष असेल, आणि स्वतःच्या हाताने त्याचं अंग धुतो. तो मुनी म्हणजे परीक्षा घ्यायला आलेला देव. ही गोष्ट ऐकताना सगळ्या बायकांचे डोळे भरून येतात. मग बाहेर चपला घालता घालता त्याच बायका म्हणतात, मुलगी गुणाची आहे हो, पण जरा काळी आहे.

स्वाध्यायाच्या गटात मी हा विषय काढला. एक वयस्कर बाई म्हणाल्या, "अशुचि भावना करा. देह अपवित्रच आहे, त्याच्या रंगाचं काय घेऊन बसलात?" मी त्यांचा मान राखून एवढंच म्हटलं, की मावशी, ही भावना आपण सावळ्या मुलीला शिकवतो. गोऱ्या सुनेला घरी आणताना कोणाला अशुचि आठवत नाही. काही जणी हसल्या. एक तरुण मुलगी हसली नाही.

मला वाटतं, अनुमोदन हे फार छोटं असतं. दुकानदाराला पैसे देणं हे तर उघड आहेच. पण त्याआधी "अगं, किती उजळलीस!" म्हणणं, पंधरा दिवसांत झालेला फरक बघून कसा झाला ते न विचारणं, किंवा कसा झाला ते विचारून तीच ट्यूब आपल्या लेकीसाठी आणणं, हे सगळं त्या तिसऱ्या खात्यातलं. मार्च 2018 मध्ये सरकारने 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली. तोवर त्या यादीतून वरून लावायच्या औषधांना सूट होती. आता चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी मिळतात, ते वेगळं. 2020 साली 'फेअर अँड लव्हली'चं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. नाव बदलायला वेळ लागत नाही.

आमच्या समाजाचा वधूवर मेळावा दरवर्षी भरतो. त्याच्या फॉर्मात उंची, शिक्षण, गोत्र आणि मग 'वर्ण' असा रकाना आहे. गोरा, गव्हाळ, निमगोरा, सावळा. तो काढा, असं पत्र मी आणि आणखी सहा जणींनी समितीला दिलं. उत्तर आलं, की विषय महत्त्वाचा आहे, पण रकाना काढला तर लोक फोन करून विचारतात, त्यापेक्षा छापलेलं बरं. यंदाचे फॉर्म छापून आले आहेत. रकाना आहे. सोसायटीतल्या त्या मुलीच्या आईने तो भरला नाही, कोरा सोडला. फॉर्म अपूर्ण आहे म्हणून तिला समितीतून फोन आला.