किती घेतली होती?

वाचनासाठी : स्तोत्र १३९:२३-२४, योहान ५:१-९



आपल्या मंडळीतील एक तरुण अमेरिकेत शिकागोला नोकरीस आहे. मागील नाताळात घरी आला असता त्याने मला एकांतात गाठून एक हकिगत सांगितली, आणि ती तुम्हांला सांगण्यास मोकळीकही दिली.

एका रात्री मेजवानीहून परतताना पोलिसांनी त्याची मोटार थांबवली. तेथे रक्तातील मद्याची मर्यादा ०.०८ टक्के, याचा आकडा ०.१६. इलिनॉय राज्यात अशा मनुष्याला शिक्षा सुनावण्यापूर्वी त्याच्या पिण्याची तपासणी व्हावीच लागते. तपासनीस समोर बसवून विचारतो : कधीपासून घेता, किती घेता? चाचणीचा आकडा त्याच्यापुढे असतोच.

"मी म्हटले, दोन ग्लास बियर," तरुण म्हणाला. "त्या बाई रागावल्या नाहीत. कागद माझ्याकडे फिरवला नि पुन्हा तोच प्रश्न केला. मग मला रडू आले."

त्याला मध्यम धोक्याच्या वर्गात घालून १० तासांचे शिक्षण व १२ तासांच्या बैठका लावून दिल्या.

देवही विचारतो, आणि माहीत नसते म्हणून नव्हे. एदेन बागेत लपलेल्या आदामाला त्याने, तू कोठे आहेस, असे विचारले. बेथेस्दा तळ्याकाठी पडलेल्या, ३८ वर्षे आजारी असलेल्या मनुष्याला प्रभूने, बरे व्हायची इच्छा आहे काय, असे विचारले. त्याचे उत्तर पाहा! आपल्याला पाण्यात सोडायला कोणी नाही, ही तक्रार. होय म्हणालाच नाही.

आपल्या देशात मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमाने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य सापडल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.  मंडळीत तर तेवढेही नाही. दारूवर उपदेश पुष्कळ, कुजबूज त्याहून अधिक. (शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना मात्र हे सर्वांआधी कळते, मुले कशासाठी प्रार्थना करायला सांगतात त्यावरून.)

जॉन यूइंग या अमेरिकन डॉक्टरांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले चार साधे प्रश्न आहेत. पिणे कमी करावे असे कधी वाटले काय? कोणी टोकले म्हणून राग आला काय? पिण्याबद्दल अपराधी वाटले काय? सकाळी उठताच, हात स्थिर व्हावा म्हणून, घ्यावी लागली काय? दोन होकार आले तर डॉक्टर अधिक चौकशी करतात. प्रभुभोजनापूर्वी आपण आत्मपरीक्षण करतो म्हणतो. त्यात असे नेमके प्रश्न किती असतात?

निघताना तो तरुण म्हणाला, "पाळकसाहेब, माझे बाबा मी लहान असल्यापासून पितात. आजही पिऊन स्कूटर चालवतात. तुम्ही त्यांना कधी विचारले का नाही?"

मजजवळ उत्तर नव्हते. बावीस वर्षे मी त्या घरी चहा घेतला आहे.

त्या शनिवारी मी एकटाच गेलो. त्यांनी दार उघडले, चहा ठेवायला सांगितले. मी म्हटले, "चहा राहू द्या. मला तुम्हांला काही विचारायचे आहे." ते बराच वेळ उभे राहिले. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.