गाणं पाठीमागून येतं

शुक्रवारची संध्याकाळ धरू. लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये सहा वाजता मोटेट असते. अर्धी प्रार्थना, अर्धं गायन, सगळं मिळून तासाभराचं. दार पाऊण तास आधी उघडतं. तुम्ही तेव्हाच आत या. दारात थोडे पैसे देऊन कार्यक्रमपत्रिका घ्यायची, तीच प्रवेशिका. जागेला नंबर नाही. मधल्या भागातला एखादा बाक निवडा आणि बसा.

बाक लाकडी आहे. रेलून बसायची सोय फारशी नाही, त्यामुळे पाठ आपोआप ताठ होते. होऊ द्या. फोन बंद करून पिशवीत टाका. मान वर करा. पांढरं कमानदार छत दिसेल, त्यावर लाल फासळ्यांची जाळी. एका फासळीवर नजर ठेवा आणि ती जिथे दुसरीला मिळते तिथपर्यंत सावकाश न्या. तिथून पुढच्या जोडापर्यंत. घाई नाही, सहा वाजायला अजून वेळ आहे.

माणसं येतायत. पाठीवरच्या सॅक बाकाखाली सरकवल्या जातात, कोणी खोकतं, कोणाच्या हातातला नकाशा चुरचुरतो. जर्मनखेरीज इतरही भाषा कानावर पडतील, कदाचित आपली हिंदीसुद्धा. अशा वेळी अमुक कुठून आला, तमुक काय बोलतोय याकडे मन धावतं. त्याला ओढून आणू नका. फक्त ऐका, की गाणं सुरू होण्याआधीची ही जी खुसफूस आहे, तिचाही एक सूर आहे आणि तो हळूहळू खाली येतोय.

आता मागे, प्रवेशाकडच्या वरच्या सज्जात, मुलं येऊन उभी राहतील. नऊ ते अठरा वयाची. या चर्चचा हा मुलांचा गायकवृंद १२१२ पासून चालत आला आहे, म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादव सिंघण राज्य करत होता तेव्हापासून. वळून बघावंसं वाटेल. एकदा बघून घ्या, मनात हुरहूर राहायला नको. मग पुढे तोंड करून बसा, कारण इथले सगळेच तसे बसतात. गाणारे मागे, ऐकणारे पुढे बघतायत, आणि गाणं पाठीमागून येतं.

पहिला सूर येईल तेव्हा तो नेमका कुठे लागला ते बघा. मानेला? खांद्यांना? आपण मराठी माणसं गाणं निम्मं डोळ्यांनी ऐकतो. गवयाचा हात कुठे गेला, भुवई कशी चढली, समेवर येताना त्यानं तबलजीकडे कसं पाहिलं, हे सगळं त्या गाण्यात धरलेलं असतं. सवाई गंधर्वला लांब बसलेला माणूससुद्धा पडद्यावर चेहरा शोधत असतो. इथे चेहराच नाही. तो डोळ्यांचा वाटा रिकामा राहतो. रिकाम्या जागेत मन काहीतरी आणून बसवेल: उद्याची गाडी, हॉटेलचं बिल. बसू द्या. पुढच्या ओळीला आवाज चार दिशांना फुटतात, खालचे जाड, वरचे काचेसारखे. त्यातला एकच धरा. सगळ्यात खालचा धरलात तर बरं, कारण तो कोणी धरत नाही. दोन-तीन ओळी त्याच्याबरोबर चाला. सुटला तर सुटला, पुन्हा सापडेल.

आणि मग एक जागा अशी येईल की तोंडून ‘वाह’ जायलाच हवा. इथे तो जात नाही. मोटेटमध्ये टाळ्या नाहीत, मध्ये नाहीत आणि शेवटीही नाहीत. तो अडलेला ‘वाह’ छातीत कुठे थांबतो, त्याकडे लक्ष द्या. माझ्या मते लाइपझिगमध्ये करण्यासारखी सगळ्यात अवघड गोष्ट ही. दाद दिली की आपण मोकळे होतो. हिशेब फिटतो, त्यानं दिलं, आपण दिलं. इथे देणं अंगावर राहतं. पुढची ओळ त्याच अंगावर येऊन पडते.

आता मनाला एक प्रश्न विचारा. हे गाणं कोणासाठी चाललंय?

तुमच्यासाठी नाही, एवढं स्पष्ट आहे. ती मुलं तुमच्या डोक्यांवरून पार वेदीच्या दिशेनं गातायत. तुम्ही आला नसता तरी गायली असती. नजर त्याच दिशेला सोडा. समोर, वेदीच्या पुढ्यात, फरशीत ब्राँझची एक पट्टी बसवलेली आहे आणि बहुतेक वेळा तिच्यावर फुलं असतात. योहान सेबास्टियन बाख. १७२३ मध्ये तो या गावाचा नोकर म्हणून आला. नगरपरिषदेला आधी संगीतकार टेलेमान हवा होता, मग ग्राउपनर; दोघं मिळाले नाहीत म्हणून हा. मुलांना शिकवायचं, गावातल्या मुख्य चर्चमधलं संगीत सांभाळायचं, आणि सुरुवातीची काही वर्षं तर जवळजवळ दर रविवारी नवा कंटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीची रचना, लिहून, त्याच्या प्रती घरात बसून उतरवून, मुलांकडून बसवून घ्यायचा. रविवार संपला की पुढचा रविवार. १७५० मध्ये तो गेला तेव्हा त्याला दुसऱ्याच चर्चच्या दफनभूमीत पुरलं, वर साधी खूणही नव्हती. १८९४ मध्ये खणून जी हाडं काढली ती बाखची म्हणून १९५० मध्ये इथे आणली. ती खरोखर त्याचीच का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. फुलं मात्र कोणी ना कोणी ठेवत असतं.

तर समोर तो, किंवा कदाचित तो नाही. मागून त्याचं गाणं. आणि मध्ये तुम्ही. या मधल्या जागेत थोडा वेळ नुसते राहा. काही समजून घ्यायचं नाही.

संपलं की लगेच उठू नका. पाइप ऑर्गन अजून वाजत असतो, तो संपू द्या.

बाहेर या. चर्चच्या बाजूला बाखचा उंच पुतळा आहे, १९०८ चा. जवळ जाऊन त्याच्या कोटाकडे बघा; डाव्या बाजूचा खिसा उलटा बाहेर काढलेला आहे. पैसे नाहीत, असं शिल्पकारानं सुचवलंय म्हणतात. लोक फोटो काढतात आणि हसतात. हसायला हरकत नाही. मनन म्हणजे तोंड लांब करून हिंडणं नव्हे.

आता चालता चालता तोच प्रश्न दुसऱ्या ठिकाणी नेऊ. बाजारचौकापासून काथारिनेनश्ट्रासे या रस्त्यानं जा. इथे त्सिमरमान नावाच्या माणसाचं कॉफीघर होतं. १९४३ च्या डिसेंबरात बॉम्बहल्ल्यात ते घर गेलं, त्यामुळे बघायला काही नाही. बरंच झालं, डोळ्यांना पुन्हा सुट्टी. रस्त्यावर एका कडेला उभे राहा आणि कानानं बांधा. १७३० च्या आसपासचा शुक्रवार, रात्रीचे आठ. कपबशांचा आवाज, तंबाखूचा धूर, आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा वाद्यमेळ. तो मेळ टेलेमाननं विद्यार्थी असताना उभा केला होता आणि १७२९ पासून बाख चालवत होता. ऐकायचे पैसे नाहीत, त्सिमरमान कॉफीवर कमवायचा. आणि लाइपझिगची जत्रा भरली, म्हणजे पूर्व-पश्चिमेकडचे व्यापारी गाड्या भरभरून गावात उतरले, की आठवड्यातून एकाऐवजी दोन मैफली व्हायच्या, मंगळवारी आणि शुक्रवारी.

म्हणजे इथलं गाणं पाहुण्यांसाठी होतं. अगदी सरळ. गावात परके लोक आहेत, त्यांच्या खिशात पैसे आहेत, संध्याकाळी त्यांना करायला काही नाही. तोच माणूस, तीच बोटं. तिकडे चर्चमध्ये श्रोत्याकडे पाठ, आणि इथे फरच्या व्यापाऱ्याच्या कपात कॉफी ओतली जात असताना त्याच्या पुढ्यात व्हायोलिन कॉन्चेर्तो. मनाला सवय असते यातलं एक खरं आणि दुसरं धंद्याचं ठरवण्याची. तो निवाडा जिभेवर आला असेल तर क्षणभर धरून ठेवा. बाखनं कॉफीवर एक आख्खा विनोदी कंटाटा लिहिला, तो काही नाइलाजानं लिहिल्यासारखा वाटत नाही.

व्यापाऱ्यांनी पुढे स्वतःच मैफली सुरू केल्या, १७४३ मध्ये. १७८१ मध्ये त्या कापडव्यापाऱ्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बांधलेल्या दालनात गेल्या, आणि त्या इमारतीचं गेवांटहाउस हे नाव वाद्यवृंदाला कायमचं चिकटलं. आजचं सभागृह तिसरं, १९८१ चं. तिथे तिकीट काढून जरूर जा, त्याबद्दल जास्त सांगत नाही. तिथे नीट कसं ऐकायचं हे ते सभागृहच तुम्हाला शिकवतं.

पण त्याआधी थॉमस चर्चपाशी एकदा परत यावं लागेल, पश्चिमेच्या दारासमोर. तिथे संगीतकार मेंडेल्सन उभा आहे. १८३५ पासून तो गेवांटहाउसचा संचालक होता. बाखचं स्मारक व्हावं म्हणून त्यानं १८४० मध्ये याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पैसे उभे केले. ते छोटं स्मारक इथून जवळच झाडांत आहे. मेंडेल्सनचा स्वतःचा पुतळा गेवांटहाउसपुढे १८९२ मध्ये बसवला. नोव्हेंबर १९३६ मध्ये, गावाचा महापौर ग्योर्डेलर परगावी असताना, नाझींनी तो रातोरात हलवला. कारण मेंडेल्सन ज्यू कुळात जन्मला होता. महापौरानं राजीनामा दिला. पुढे हिटलरविरोधी कटात तो फासावर गेला. आज दिसतो तो पुतळा २००८ मध्ये घडवलेली प्रतिकृती.

इथे उभे राहून सुरांचा विचार करू नका. न वाजलेल्या वर्षांचा करा. ज्यानं या गावाला बाख परत आणून दिला, त्याचंच संगीत इथे वाजवायला बंदी होती, आणि ऐकणारे तेच होते, कालपर्यंत टाळ्या वाजवणारे. आपण त्या खुर्च्यांवर असतो तर काय केलं असतं? उत्तर देऊ नका. पटकन आलेलं उत्तर बहुधा आपल्याला सोयीचं असतं.

मेंडेल्सनच्याच काळात या गावात एक शाळकरी पोर संगीतकार व्हायची स्वप्नं बघत होतं. निकोलाय चर्चजवळच्या निकोलाय शाळेत शिकायचं. पुढे त्यानं संगीत सोडलं आणि आयुष्य ऋग्वेदाच्या संपादनात घातलं. मॅक्स म्युलर. पुण्यात त्याच्या नावाच्या भवनात जर्मन शिकलेल्या कोणाला लाइपझिगला जायचा योग आला, तर निकोलाय चर्चच्या अंगणात आपल्या ओळखीचा एक माणूस सापडतो तो असा.

त्या अंगणात थांबाच. १९८० च्या दशकात या चर्चमध्ये दर सोमवारी शांतीसाठी प्रार्थना व्हायची. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी प्रार्थनेनंतर सुमारे ७० हजार माणसं गावाभोवतीच्या रस्त्यावर चालली, आणि गोळीबार होईल अशी भीती प्रत्येकाच्या पोटात होती. रस्त्यांवरच्या ध्वनिक्षेपकांतून शांततेचं आवाहन ऐकू आलं. सहा जणांनी मिळून केलेलं, आवाज गेवांटहाउसचा संचालक कुर्ट माझूरचा. गोळी सुटली नाही. आता दरवर्षी त्या तारखेला प्रकाशाचा उत्सव असतो. लोक मेणबत्त्या आणतात, ८९ हा आकडा त्यांच्या उजेडात उभा राहतो. पाहुणे म्हणून गेलात तर एक मेणबत्ती तुमच्याही हातात येईल. घ्या, पण फोटो काढायच्या आधी तिची ऊब तळहाताला किती लागते ते बघा. त्या रात्री एका हातात मेणबत्ती आणि दुसऱ्या हातानं ज्योतीला आडोसा असला की दगड उचलायला हात उरत नाही, असं त्या चर्चचे लोक सांगत आले आहेत.

उत्सवांचं म्हणाल तर हे गाव थकत नाही. जूनमध्ये बाख महोत्सव, जगभरातून माणसं. पेंटेकॉस्टच्या सुट्टीत १९९२ पासून वेव्ह-गोटिक-ट्रेफन हा गॉथ मंडळींचा मेळावा भरतो, तेव्हा ट्रामभर काळे झगे, पांढरे चेहरे, लेसच्या छत्र्या. घाबरायचं काही नाही. शेजारच्या सीटवरचा पिशाच उठून आजीला जागा देतो. क्लारा त्सेटकिन बागेत ही मंडळी व्हिक्टोरियन काळातले कपडे घालून सहलीला बसतात, आणि गावकरी त्यांना बघायला मुलांना घेऊन येतात. इथे कोण पाहुणा आणि कोण खेळ, हे ठरवता ठरवता दुपार निघून जाईल.

माझी शिफारस मात्र उन्हाळ्यातल्या एका फुकट संध्याकाळची. गेवांटहाउसचा वाद्यवृंद रोझेनटालच्या मोकळ्या मैदानात येऊन वाजवतो. लवकर जा, चादर पसरा. पलीकडे प्राणीसंग्रहालयाची हद्द आहे आणि त्या बाजूनं जिराफही दिसतात. हजारो लोक, टोपल्या, बाटल्या, बटाट्याचं सॅलड, डास. व्यासपीठ लांब, वाजवणारे बोटभर. ताठ बाक नाही, टाळ्यांना बंदी नाही. थॉमस चर्चमध्ये केलं तेच इथे करून बघा: डोळे अर्धे मिटा आणि सगळ्यात खालचा आवाज धरा. तो बऱ्याचदा सुटेल. मागे कोणाचं बाळ रडतंय, कोणी बूच काढलं, पुढच्या रांगेतली दोघं भांडतायत. त्यांना गाण्याबाहेर काढायच्या भानगडीत पडू नका. बास पुन्हा सापडतो, बाळाच्या रडण्याच्या खालून.

तो सापडला असेल तेवढ्यात कोणीतरी खांद्याला हात लावेल. उशिरा आलेलं एक कुटुंब, हातात घडी केलेली चादर, बरोबर तीन पोरं. जर्मनमध्ये काहीतरी विचारतील, तुम्हाला कळणार नाही, पण हाताची खूण कळेल: जरा सरकता का?

सरका.