राजाचं प्रायश्चित्त

३१ डिसेंबर २०१९ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचे गव्हर्नर जे. बी. प्रिट्झकर यांनी ११,०१७ जणांना माफी दिली. घोषणेसाठी जागा निवडली होती शिकागोतलं एक चर्च. माफी मिळालेल्यांवरचा जुना ठपका एकच होता: तीस ग्रॅमपेक्षा कमी गांजा जवळ बाळगणं. दुसऱ्या दिवशी सकाळी राज्यातली परवानाधारक गांजाची दुकानं सर्वांसाठी उघडली. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या रहिवाशाला कायद्याने आता किती गांजा बाळगता येणार होता? तीस ग्रॅम.

पहिल्या दिवशी ७७ हजारांहून अधिक बिलं फाटली आणि गल्ल्यात सुमारे ३२ लाख डॉलर जमले. लेफ्टनंट गव्हर्नर ज्युलियाना स्ट्रॅटन स्वतः दुकानात जाऊन गांजा घातलेला खाऊ घेऊन आल्या. पहाटेपासून लागलेल्या रांगांची छायाचित्रं देशभर झळकली. आदल्या दिवशी चर्चमध्ये जे घडलं, त्याची बातमीही आली. पण त्यातून उभा राहणारा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारला नाही. कोण कुणाला क्षमा करत होतं?

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली बर्डिक खटल्यात म्हटलं होतं की माफीमध्ये अपराधाचा आरोप गृहीत असतो आणि ती स्वीकारणं म्हणजे अपराध कबूल करणं. त्या न्यायाने ११,०१७ जण अपराधी ठरतात आणि राज्य दयाळू. आता दुसऱ्या बाजूने पाहा. राज्य म्हणतं, की हे कृत्य शिक्षेला पात्र नाही, उलट त्यावर आम्ही कर घेऊ. मग ज्यांना आधी शिक्षा केली, त्यांच्या बाबतीत राज्याच्याच हातून काहीतरी घडलेलं नाही का?

यावरचं उत्तर ठरलेलं आहे आणि ते हलकं नाही. कायदा होता तोवर तो मोडणं हाच गुन्हा. पुढे कायदा बदलला म्हणून मागची अवज्ञा पुसली जात नाही. खून सगळीकडे वाईट, पण कोणती वनस्पती कुठे चालेल हे माणसांनी ठरवायचं असतं, आणि ठरवलेलं पाळायचं असतं. आपल्याकडेही १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने झाडाच्या शेंड्यांना गांजा ठरवून बंदी घातली आणि नुसत्या पानांना व्याख्येबाहेर ठेवलं. म्हणून महाशिवरात्रीची भांग त्या कायद्याच्या तडाख्यातून सुटते आणि त्याच झाडाची चिलीम सापडते. रेघ थोडी इकडे काय, थोडी तिकडे काय, ती आखलेली आहे, एवढ्यावर तिचा मान राखावा, असं हा पक्ष सांगतो.

या युक्तिवादाचा पाया एकच: रेघ सगळ्यांना सारखी लागू व्हावी. इलिनॉयमध्ये तो पायाच नव्हता. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०२०च्या अहवालानुसार, २०१८ साली तिथे गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांमध्ये साडेसात पट होतं. गांजा ओढण्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही समाजांमध्ये फारसा फरक नाही. म्हणजे शिक्षा कायदा मोडल्याची नव्हती. कुठल्या गल्लीत मोडला, याची होती.

अन्यायाने दंड करणाऱ्या राजाचं काय करायचं, याचा विचार धर्मशास्त्रकारांनी फार पूर्वी केलेला आहे, आणि तो आजच्या कायदेपंडितांच्या विचारापेक्षा अधिक धीट आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड पातक आणि प्रायश्चित्त या विषयांपासूनच सुरू केला. वसिष्ठ धर्मसूत्रात निरपराध माणसाला शिक्षा झाली तर पुरोहिताला कृच्छ्र व्रत आणि राजाला तीन रात्रींचा उपवास सांगितला आहे. शिक्षा करणारा उपाशी आणि सल्ला देणाऱ्याला त्याहून कठीण व्रत! कौटिल्याने आणि याज्ञवल्क्याने हिशेब पैशात मांडला: अन्यायाने घेतलेल्या दंडाच्या तीसपट रक्कम राजाने वरुणाला अर्पण करावी आणि मग ब्राह्मणांना द्यावी.

यात एक खोच आहे. तीसपट रक्कम वरुणाला गेली, ब्राह्मणांना पोचली. ज्याची पाठ सोलली गेली त्याला काय मिळालं? ही उणीव मिताक्षराकार विज्ञानेश्वराच्या ध्यानात आली. चालुक्यांच्या कल्याणीत बसून लिहिणाऱ्या या टीकाकाराने बजावलं की मूळ दंड ज्याच्याकडून घेतला त्यालाच परत दिला पाहिजे, नाहीतर राजाला चोरीचा दोष लागेल. दोन वेगळी देणी झाली ही. एक राजाच्या शुद्धीसाठी, दुसरं पीडिताच्या हक्कासाठी. इलिनॉयचं २०२० हे साल या दोन देण्यांच्या नजरेने वाचलं तर पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात.

पहिलं देणं राज्याने उत्साहाने फेडायला घेतलं. ते सोपंही होतं, कारण धंदा अपेक्षेबाहेर चालला. मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी आली तेव्हा गांजाची दुकानं अत्यावश्यक सेवांमध्ये धरली गेली आणि चर्चमधली उपासना मात्र पुढे दहा माणसांपुरती सीमित झाली. रोमेनियन पेंटेकोस्टल पंथाच्या मंडळींनी गव्हर्नरांवर खटला भरला. जूनमध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने गव्हर्नरांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ईस्टरब्रुक यांची तुलना अशी की प्रार्थनासभा किराणा दुकानापेक्षा नाटक-सिनेमाच्या जवळची. तिथे माणसं बराच वेळ एकत्र बसतात, गातात, बोलतात. साथरोगाच्या दृष्टीने हा तर्क बरोबरच होता. तरीही दहाच्या वर भक्त नकोत आणि गांजाचं दुकान चालू, हे दृश्य पाहून एखाद्या पाद्रीबाबाला काय वाटलं असेल, ते समजण्यासारखं आहे.

जानेवारीत ३ कोटी ९२ लाख डॉलरची विक्री झाली होती. डिसेंबरपर्यंत महिन्याचा आकडा आठ कोटींच्या पुढे गेला. सर्वसाधारण ग्राहकांना झालेली वर्षभराची विक्री सुमारे ६७ कोटी डॉलर. २०२१च्या पहिल्या तिमाहीत राज्याला गांजाच्या करातून मिळालेली रक्कम दारूच्या करापेक्षा जास्त भरली.

या कराची वाटणी कायद्यातच लिहिलेली होती. ३५ टक्के सर्वसाधारण तिजोरीत, २० टक्के मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीसाठी, १० टक्के थकलेल्या बिलांसाठी, ८ टक्के स्थानिक पोलीस कामासाठी, २ टक्के जनजागृती वगैरेंसाठी. उरलेले २५ टक्के, ज्या वस्त्यांनी पोलिसी मोहिमांचा मार खाल्ला त्यांच्या पुनरुभारणीसाठी. या शेवटच्या हिश्शातून जानेवारी २०२१ मध्ये ८० संस्थांना मिळून ३ कोटी १५ लाख डॉलर जाहीर झाले. संस्थांना, हे लक्षात घ्यायचं. तुरुंगात गेलेल्या दिवसांबद्दल त्या माणसाच्या हातावर काही ठेवण्याची तरतूद कायद्यात नव्हती. वरुण झाला, ब्राह्मणांच्या जागी नोंदणीकृत संस्था झाल्या; विज्ञानेश्वराचा माणूस दाराबाहेरच राहिला.

नोंदी पुसण्याचं काम मात्र खरोखर मोठं झालं, आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. ३१ डिसेंबर २०२० रोजी राज्याने जाहीर केलं की किरकोळ गांजा प्रकरणांतल्या अटकेच्या सुमारे ४ लाख ९२ हजार नोंदी राज्य पोलिसांच्या दप्तरातून काढून टाकल्या आहेत. कायद्याने दिलेली मुदत २०२५च्या पहिल्या दिवसापर्यंत होती. काम चार वर्षं आधी उरकलं. त्याच दिवशी आणखी ९,२१९ माफ्या निघाल्या. ज्याला घर भाड्याने घेताना, नोकरीचा अर्ज भरताना जुनी नोंद आडवी येत होती, त्याला यातून काय मिळालं हे पैशात सांगता येणार नाही.

पण राज्याच्या पुसण्याला राज्याच्याच सीमा आहेत. केंद्रीय कायद्यात गांजा तेव्हाही सर्वांत कडक यादीत होता. अमली पदार्थाच्या गुन्ह्यावरून एखाद्या परदेशी माणसाची हकालपट्टी निघाली, तर गव्हर्नरची माफी त्याला वाचवत नाही. एप्रिल २०१९ मध्ये केंद्राच्या नागरिकत्व खात्याने स्पष्टच केलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाशी संबंध आला, अगदी त्या उद्योगात नोकरी केली, तरी अर्जदाराचं चारित्र्य चांगलं नाही असं ठरू शकतं. शिकागोच्या उपनगरांत ग्रीन कार्डावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हेच लागू. शेजारचा गोरा नागरिक दुकानात शिरला की ग्राहक. त्याच्या मागून जोशी शिरले की त्यांच्या नैतिकतेची चौकशी. एकच कृती एका सरकारसाठी महसूल आणि दुसऱ्यासाठी शीलाचा प्रश्न. सदाचार कशाला म्हणावं हा तत्त्वज्ञांचा जुना वाद इथे अर्जातल्या रकान्यात येऊन बसला आहे.

दुसरं देणं, हक्काचं, राज्याने परवान्यांच्या रूपाने द्यायचं ठरवलं होतं. कल्पना चांगली होती. ज्यांनी या धंद्यापायी तुरुंग पाहिला त्यांना आता त्याच धंद्यात मालकी मिळावी. २०२०च्या मे महिन्यापर्यंत ७५ नवी दुकानं वाटायची होती, आणि गुणांकनात सामाजिक न्यायाच्या अर्जदारांना झुकतं माप होतं. पोलिसी कारवायांनी पोळलेल्या वस्तीत दहापैकी पाच वर्षं राहिलेला, स्वतः किंवा घरातला कुणी पकडला गेलेला, असे पात्रतेचे निकष. पण कायद्यात आणखी एक दार होतं: दहा पूर्णवेळ नोकर ठेवा, त्यांतले ५१ टक्के अशा वस्त्यांतले असू द्या, की मालक कितीही श्रीमंत असला तरी तो सामाजिक न्यायाचा अर्जदार. शिकागोत या कलमाला गुलामांच्या मालकाची उपमा देण्यात आली. रागाची भाषा होती, पण अन्यायाची नव्हती.

सप्टेंबरमध्ये यादी लागली तेव्हा सोडतीसाठी पात्र ठरले फक्त २१ अर्जदार. बाकीच्या शेकडो जणांना पूर्ण गुण मिळाले नव्हते. ते मिळायचे तर मालकांमध्ये माजी सैनिक असणं जवळपास सक्तीचं होतं, कारण त्यासाठी पाच गुण राखीव होते. ज्याच्या नावावर अटक होती त्याच्याकडे लष्कराचं प्रमाणपत्र कुठून येणार, हा विचार गुणपत्रिका बनवताना कुणी केला नव्हता. खटले झाले, सोडत थांबली, विधिमंडळाने नवे नियम केले, २०२१ मध्ये नव्या सोडती झाल्या, पुन्हा स्थगिती आली. सामाजिक न्यायाच्या परवान्यावरचं पहिलं दुकान उघडायला २०२२ची अखेर उजाडली. तोवर जुन्या औषधी गांजाच्या कंपन्यांनी बाजार काबीज केलेला होता. शिकागोच्या नगर परिषदेतल्या कृष्णवर्णीय सदस्यांनी नेमकी ही भीती डिसेंबर २०१९ मध्येच बोलून दाखवली होती आणि विक्री सहा महिने पुढे ढकलण्याचा ठराव मांडला होता. तो २९ विरुद्ध १९ मतांनी पडला.

राज्याला न जमलेलं शिकागोला लागून असलेल्या इव्हान्स्टन या गावाने करून पाहिलं. हे गाव मेथडिस्टांनी वसवलं. तिथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या सनदेत १८५५ पासून चार मैलांच्या परिघात दारूविक्रीला बंदी होती. स्त्रियांच्या दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड याच गावच्या. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा त्यांची विलर्डबाईंशी गाठ पडली आणि १८८९ साली निघालेल्या आपल्या मराठी प्रवासवृत्तात रमाबाईंनी या चळवळीबद्दल मनापासून लिहिलं. हॉटेलात ग्लासभर वाइन मिळायला इव्हान्स्टनकरांना १९७२ पर्यंत थांबावं लागलं. त्याच गावाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवलं की गांजावरच्या स्थानिक करातले पहिले एक कोटी डॉलर कृष्णवर्णीय रहिवाशांच्या भरपाईसाठी ठेवायचे. ठरावामागे नगरसेविका रॉबिन रू सिमन्स होत्या. विलर्डबाईंना हे पाहून नक्की कशाचा धक्का बसला असता, पापाच्या पैशाचा की इतक्या उशिरा आलेल्या न्यायाचा, हे ठरवणं कठीण आहे. बाईंनी दारूपायी मोडलेले संसार पाहिले होते, तेव्हा त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही.

मार्च २०२१ मध्ये पहिला कार्यक्रम मंजूर झाला: १९१९ ते १९६९ या काळात गावात राहिलेले कृष्णवर्णीय आणि त्यांचे वारस यांना प्रत्येकी २५ हजार डॉलर, पण फक्त घरासाठी. घर घ्या, कर्ज फेडा किंवा दुरुस्ती करा. विरोधात पडलेलं एकमेव मत सिसिली फ्लेमिंग यांचं होतं, आणि त्या स्वतः कृष्णवर्णीय. त्यांचं म्हणणं, ही भरपाई नव्हे, घरबांधणी योजना आहे. देणं द्यायचं तर ते कसं वापरायचं हे घेणाऱ्याला ठरवू द्या. विज्ञानेश्वराला हा आक्षेप तत्काळ पटला असता.

जानेवारी २०२२ मध्ये चिठ्ठ्या काढून पहिले सोळा लाभार्थी ठरले. गावात गांजाचं दुकान एकच, त्यामुळे निधी थेंबथेंब साठत होता. नोव्हेंबरमध्ये परिषदेने घरविक्रीवरच्या करातले आणखी एक कोटी डॉलर दहा वर्षांत त्यात घालायचं ठरवलं. दरम्यान यादीतल्या काही वृद्धांचं निधन झालं. मार्च २०२३ मध्ये रोख रकमेचा पर्याय अखेर खुला झाला. फ्लेमिंग यांनी त्याच्या वर्षभर आधीच परिषदेचा राजीनामा दिलेला होता.