चौथ्या पानावरचं नाव

दानाला नाव चिकटलं की ते दान राहतं का? कीर्तन ऐकताना हा प्रश्न मला कधी पडला नाही. आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका घरच्या संगणकावर लावायला बसते, तेव्हा मात्र तो हमखास पडतो.

पत्रिका साधीच. ए-फोर कागद आडवा घ्यायचा, २९७ मिलिमीटरची मधोमध घडी, की झाली चार पानं. पण उघड्या कागदावर ती वाचायच्या क्रमाने बसत नाहीत. बाहेरच्या अंगाला उजवीकडे पहिलं पान आणि डावीकडे चौथं. आतल्या अंगाला दुसरं, तिसरं. छापताना कागद आखूड बाजूने उलटायला हवा, नाहीतर आतला मजकूर खाली डोकं वर पाय. घडीच्या दोन्ही बाजूंना मी सेंटिमीटरभर जागा सोडते. घडीवर आलेलं नाव काल्यापर्यंत झिजून जातं.

पहिल्या पानावर विठ्ठल-रखुमाई. दुसऱ्यावर दिनक्रम: पहाटे ४ ला काकडा, मग विष्णुसहस्रनाम, ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री ९ ला कीर्तन. तिसऱ्यावर कीर्तनकार, प्रत्येकाच्या नावामागे ह.भ.प. चौथ्यावर पंगतीचे अन्नदाते आणि वीणेचे पहारेकरी. भांडणं सगळी या चौथ्या पानाची.

कारण घडीच्या कागदाला पाचवं पान नसतं. चारानंतर थेट आठ. दुसरा कागद आत सरकवायचा आणि जोड्या नव्याने लावायच्या: आठ-एक, दोन-सात, सहा-तीन, चार-पाच, बेरीज दरवेळी नऊ. कमिटीला दुसऱ्या कागदाचा खर्च नको असतो. मग अक्षर बारीक करा, नाहीतर कुणाला तरी गाळा. माणसं घरी येतात. "बाई, आमची पंगत काल्याच्या दिवसाची, नाव वर घ्या की." "बाई, अण्णांच्या नावाखाली माजी सरपंच राहिलं बघा."

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत. देणं आपलं कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, परतफेडीची आशा न धरता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून, कष्टी मनाने दिलेलं ते राजस. हा गज लावला तर माझं चौथं पान सबंध राजसच ठरेल, आणि सगळ्यात शुद्ध पत्रिका म्हणजे एकही नाव नसलेली.

पण शेतमजुरी करणारी एक म्हातारी पंगतीला दोन पायल्या ज्वारी देते आणि म्हणते, "बाई, मालकाचं नाव घाला." मालक वारलेत. तिला स्वतःला वाचता येत नाही. छापलेल्या नावावर बोट ठेवून कुणीतरी ते वाचून दाखवावं लागतं. तिला कसली परतफेड हवी आहे? गावात कुठेच न उरलेला माणूस सात दिवस देवाच्या कागदावर असावा, इतकीच. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, सोसायटीच्या फळ्यावर आणि चौकातल्या फ्लेक्सवर आहे, त्याला गुप्तदान परवडतं. तिला ते करायला सांगणं म्हणजे जे तिच्याकडे नाहीच ते सोडायला सांगणं.

संतांनीही नाव टाकून दिलं नाही. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. पण तिथे नामदेव 'नामा' होतात, जनाबाई 'जनी', चोखामेळा 'चोखा'. पद नाही, घराणं नाही. हे बोलणं माझं आणि त्याचा जाब मलाच विचारा, एवढ्यापुरतं नाव. जागेचं म्हणाल तर पंढरपूरच्या देवळात नामदेवांची पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी. वरची जागा दोघांनाही नाही. तरी त्यांच्यापुढे वाकल्याशिवाय वारकरी आत जात नाही. तेव्हा आड येतं ते नाव नव्हे. नावाला लटकवलेलं ओझं आणि त्याची उंची.

याचा दाखला चौथ्या पानावरच आहे. पहाऱ्याच्या यादीवरून आजवर कुणी माझ्याकडे आलेलं नाही. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून रात्री २ ते ४ कोण, ४ ते ६ कोण, एवढंच तिथे लिहिलेलं. वीणा हातात देताना देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. तिथे क्रम घड्याळाचा असतो, माणसाचा नाही.

म्हणून अन्नदात्यांची यादीही मी आता तशीच लावते: पंगतीच्या वारानुसार, एकाच मापाच्या अक्षरात, पदांशिवाय. कुणाचं दान सात्त्विक आणि कुणाचं राजस हे ज्याचं त्याला ठाऊक. पान लावणारीने त्याचा निवाडा करू नये. कागदाने कुणाच्या अहंकाराला खतपाणी घालू नये, एवढंच माझ्या हातात.

अण्णा तरीही आले. मी पहिलं पान दाखवलं. "अण्णा, विठ्ठलाच्या नावामागे नुसतं श्री आहे. तेवढं तुमच्याही आहे." ते हसले, चहा प्याले, आणि चौकात स्वतःचा फ्लेक्स लावला, पदासकट. तो त्यांच्या खर्चाचा, त्यामुळे माझं काही म्हणणं नाही. पंगतही त्यांनी ठरल्याप्रमाणे दिली आणि पोटभर दिली.