न सापडणारा दोष

यंत्रातील बिघाड शोधणे फारसे कठीण नसते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. बंद पडलेले इंजिन बंदच राहिले, तर ती बरीचशी खरीही ठरते. मिस्त्री येतो, झिजलेला भाग काढतो आणि नवा बसवतो. परंतु जो बिघाड येतो आणि जातो, वाटेत छळतो आणि गॅरेजच्या दारात पोहोचताच नाहीसा होतो, त्याची गोष्ट निराळी. तेथे कारागिरीइतकीच मनाचीही कसोटी लागते. कारण दोष दिसत नसला की तो कोणाच्या तरी माथी मारण्याचा मोह होतो. या मोहाला आम्हीही एकदा बळी पडलो. त्याची ही कबुली.

काही वर्षांपूर्वी आम्ही वसईतील एका धर्मग्रामात सेवेला होतो. तेथील एका बागायतदाराचा जुना डिझेल ट्रक आसपासच्या वाड्यांतील भाजी आणि फुले घेऊन पहाटे दादरच्या बाजारात जात असे. चालक पन्नाशीचे, अबोल गृहस्थ होते. काही महिन्यांपासून आठवड्यातून एक-दोनदा त्यांना बाजारात पोहोचायला उशीर होऊ लागला. इंजिन वाटेत बंद पडते आणि अर्धापाऊण तासाने पुन्हा सुरू होते, एवढेच ते सांगत. जागाही ठरलेली नसे. कधी वरसाव्याचा पूल, तर कधी दहिसर. उशिरा पोहोचलेल्या फुलांना भाव मिळत नसे.

मालकांनी दोन मिस्त्र्यांना ट्रक दाखवला. जुने डिझेल इंजिन चालता चालता बंद पडते, तेव्हा बहुधा त्याला डिझेल नीट पोहोचत नसते. म्हणून एकाने फिल्टर बदलला. दुसऱ्याने नळ्यांच्या सांध्यांतून हवा शिरते का ते पाहिले आणि फीड पंप दुरुस्त केला. दोघांनीही ट्रक चालवून पाहिला. तो सुरळीत चालला. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार! अखेर मालक आमच्याकडे आले. "फादर, इंजिनात काहीच दोष नाही. हा माणूस वाटेत झोपतो आणि इंजिनाचं नाव सांगतो." उशीर झालेल्या दिवसांचा पगार त्यांनी कापलाच होता. आम्ही चालकांना बोलावून घेतले आणि म्हणालो, "चूक झाली असेल तर कबूल करून मोकळे व्हा." ते म्हणाले, "फादर, जे झालं तेच सांगतोय," आणि निघून गेले. त्यांच्या मौनाला आम्ही अपराधाची खूण मानली.

तिसरा मिस्त्री वयस्कर होता. त्याने पाना हातात घेतलाच नाही. चालकांना शेजारी बसवून तो विचारू लागला : किती अंतर गेल्यावर बंद पडते? एकदम गप्प होते की आधी झटके देते? टाकी केव्हा भरली होती? या शेवटच्या प्रश्नापाशी चालक थबकले. आठवून म्हणाले, "टाकी भरली की दुसऱ्या दिवशीच होतं. मध्ये कधी नाही."

पुढच्या वेळी टाकी भरल्यावर मिस्त्री पहाटे स्वतः ट्रकमध्ये बसला. त्याच्या सांगण्यावरून मालकही आले. आम्हाला वांद्र्याला जायचे होते, म्हणून आम्हीही दाटीवाटीने बसलो. वरसाव्याचा पूल ओलांडल्यावर इंजिनाने दोन-तीन झटके दिले आणि ते थांबले. मिस्त्री उतरला आणि टाकीच्या झाकणाला कान लावून म्हणाला, "मालक, किल्ली लावा. सावकाश फिरवा." झाकण सैल होताच सूंऽऽ असा आवाज करीत हवा आत शिरली. हातपंपाचे चार दाब दिल्यावर इंजिन सुरू झाले.

मालकांच्या मनात डिझेलचोरीचा संशय होता. त्यापायी काही महिन्यांपूर्वी त्यांनी कुलपाचे नवे झाकण आणून बसवले होते आणि त्याची किल्ली स्वतःजवळ ठेवली होती. मूळ झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र होते. नव्याला ते नव्हते. गॅलिलिओच्या अखेरच्या दिवसांतील मदतनीस टोरिचेल्ली याने १६४४ साली लिहिलेल्या पत्रात दाखवून दिले होते, की हवेलाही वजन असते आणि ती आपल्या भाराने द्रवाला वर ढकलते. हा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. पंप डिझेल ओढतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः टाकीतील हवेचा भार त्याला पुढे ढकलत असतो. बाहेरची हवा आत येईना, तर तो भार कमी होत जातो. टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर वर हवा थोडीच असते आणि दोन-तीन लिटर डिझेल खर्च होताच पंप हतबल होतो. टाकी अर्धी रिकामी असेल, तर भरपूर हवा असल्यामुळे तशी वेळ लवकर येत नाही. ट्रक थांबून राहिला की झाकणाच्या फटीतून हवा हळूहळू झिरपते आणि इंजिन पुन्हा सुरू होते. गॅरेजमध्ये तर डिझेल पाहण्यासाठी प्रथम झाकणच उघडले जाई! तपास सुरू होताच पुरावा नाहीसा होत होता.

एवढ्यावरही मिस्त्रीने निकाल दिला नाही. जुने झाकण लावून तीन वेळा टाकी भरून ट्रक चालवला; तो थांबला नाही. नंतर कुलपाचे झाकण पुन्हा लावले, ट्रक थांबला. तेव्हा कुठे तो म्हणाला, "आता म्हणा." बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि काय होते ते पाहावे, ही रीत जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात मांडली. सेमिनरीत आम्ही ती शिकलो होतो आणि परीक्षेत उत्तरही लिहिले होते. गरज पडली तेव्हा मात्र ती आम्हाला आठवली नाही.

आमचे चुकले कोठे? 'दोष सापडला नाही' आणि 'दोष नाही' ही दोन निराळी विधाने आहेत. मिस्त्री पहिले बोलले, मालकांनी दुसरे ऐकले, आणि आम्ही त्यातून तिसरेच काढले : 'म्हणजे माणूस खोटे बोलतो.' आपल्या घरांतही असे घडते. तपासणीचे कागद निर्दोष आले की दुखणे सांगणाऱ्या सुनेवर संशय येतो. शाळेच्या वेळी पोट दुखते म्हणणारे मूल ढोंगी ठरते. दुखणे भोगणाराच त्याचा एकमेव साक्षीदार असतो आणि नेमके त्यालाच आपण आरोपी करतो.

मग काय प्रत्येकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? तसे नव्हे. त्या मिस्त्रीनेही चालकांवर आंधळा विश्वास ठेवला नाही. त्यांचा शब्द तपासण्याच्या योग्यतेचा आहे, एवढेच त्याने मानले. तपासणे वेगळे आणि अविश्वास दाखवणे वेगळे. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा धरणे, यालाही ख्रिस्तसभा आठव्या आज्ञेचा भंग मानते. हे आम्ही कितीदा तरी वेदीवरून सांगितले आहे.

मालकांनी कापलेला पगार परत केला. आम्हीही चालकांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी आम्हाला बसवले, चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, "फादर, तुम्ही विचारलंत त्याचं काही नाही. पण विचारण्याआधीच तुमचं ठरलं होतं." आम्हाला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून कोणी कोणाची तक्रार घेऊन आले, की ज्याच्याविषयी ती आहे त्याला आम्ही आधी शेजारी बसवतो आणि त्या मिस्त्रीप्रमाणे विचारू लागतो : केव्हा, कोठे, त्याआधी काय झाले होते? उत्तर येईपर्यंत गप्प राहणे अजूनही आम्हाला जड जाते.