क्रम कोणाचा?

घर आवरण्याचे काम नीतिशास्त्राच्या कक्षेत येत असेल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या ध्वनिमुद्रिका लावण्याची वेळ आली, तेव्हा मात्र हा प्रश्न आमच्या पुढ्यात येऊन ठाकला. सुमारे आठशे तबकड्या होत्या. काही लाखेच्या मिश्रणाच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. हातातून निसटली की तुकडे. बाकीच्या व्हिनाइलच्या, लाँगप्ले. अशा शंभर तबकड्या वेष्टनांसह वीस किलोंच्या आसपास भरतात. त्या एकमेकींवर रचल्या तर खालच्या दबतात, कलत्या ठेवल्या तर वाकतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात वेष्टनांना बुरशी धरते. म्हणून आम्ही भक्कम फडताळ करविले, ते भिंतीपासून चार बोटे दूर ठेवले आणि सर्व तबकड्या उभ्या लावण्याचे ठरविले. इथवर मतभेद नव्हता.

मतभेद झाला तो क्रमावरून. थोरल्या भावाचे म्हणणे, भाषेनुसार लावाव्यात. बहीण म्हणाली, गायकांच्या नावांनी लावल्याशिवाय त्या सापडायच्या कशा? आई एवढेच म्हणाली, "नाताळच्या तेवढ्या हाताशी राहू द्या." प्रत्येकाचे बरोबर होते. क्रम लावणारा माणूस वस्तूला एक प्रश्न विचारीत असतो; ज्याचा प्रश्न वेगळा, त्याचा क्रम वेगळा. पण एका प्रश्नाचे उत्तर देणारा क्रम इतर उत्तरे झाकून टाकतो, हे आमच्या ध्यानी उशिरा आले.

शेवटचा खण उतरविताना वेष्टनांच्या मागील कोपऱ्यात वडिलांच्या हातच्या पेन्सिलीतील तारखा दिसल्या. त्या ओळीने पुढे सरकत होत्या. वडिलांनी सारा संग्रह खरेदीच्या क्रमाने लावला होता! पहिला पगार, धाकटीचा बाप्तिस्मा, संपाचे ते ओढगस्तीचे वर्ष, सारे त्या रांगेत असणार. अनेक वेष्टनांवर तारीख नव्हती; रांगेतील जागा हीच त्यांची तारीख होती. ती आम्ही दोन दुपारींत पुसून टाकली होती. हेतू चांगला होता. पण ज्याला आपण पसारा म्हणतो, ती दुसऱ्याची व्यवस्था असू शकते, ही शंका आम्हांला शिवली नाही.

तारखांबरोबर काही नावेही होती. शंकर-जयकिशन यांच्या काही तबकड्यांवर वडिलांनी 'सॅबेस्टियन' असे लिहिले होते. गोव्याचे सॅबेस्टियन डिसोझा हे त्या संगीताचे संयोजक. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले असे कितीतरी वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटात गुरूचे नाव गाण्यात गोवले. ते नाव सर्वांच्या ओठांवर आले. माणूस मात्र फारच थोड्यांना ठाऊक होता. आमच्याकडील वेष्टनांवर गायक, संगीतकार व गीतकार यांची नावे आहेत. व्हायोलिनवादकाचे शोधूनही सापडत नाही. एके काळी गायिकेचीही तीच गत होती. 'महल' (१९४९) चित्रपटातील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी पडद्यावरील पात्राचे, 'कामिनी'चे नाव छापले होते.

मग गायकांच्या नावांनी लावलेले फडताळ अन्यायी म्हणावे काय? तसे म्हणता येणार नाही. एक तबकडी चाळीस वादकांच्या नावांनी चाळीस ठिकाणी ठेवता येत नाही; कोठेतरी एकीकडे ठेवावीच लागते. निवड करण्यात दोष नाही. आपल्या निवडीत जे दिसत नाही ते नव्हतेच, असे मानण्यात दोष आहे. कुटुंबाच्या आठवणींत, गावाच्या इतिहासात आपण हेच करीत असतो. पुढे उभे राहून गाणाऱ्याचे नाव लक्षात राहते. मागे बसून सूर धरणारा विसरला जातो.

अखेरीस आम्ही तबकड्या भाषेनुसार आणि गायकांनुसार लावल्या. आईच्या नाताळच्या तबकड्या सर्वांत खाली, तिच्या हाताशी. सोबत एक वही केली. तीत वडिलांच्या तारखा व नावे जशीच्या तशी उतरविली. प्रत्येक तबकडीपुढे वादकांसाठी एक ओळ सोडली आहे. बहुतेक ओळी कोऱ्या आहेत. त्या तशाच राहतील, किंवा कोणी जाणता भेटेल तेव्हा भरतील.

शेवटचा खण मात्र आम्ही हलविला नाही. तो वडिलांच्या क्रमाने आहे.